फळी उचलणाऱ्याचा काय दोष?

गोव्यात पर्वरीच्या फ्लॅटमध्ये बसून बेंगळुरूच्या पगारावर कोड लिहिता ना? मग नीतिमत्तेचा घोर लावून घेऊ नका. ती चतुर्थीला माटोळीबरोबर, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या फळाफुलांच्या मांडवाबरोबर बांधायची आणि विसर्जन झालं की उतरवायची.

मुख्य पथ्य एकच: आपण काय बनवतोय हे विचारायचं नाही. तिकिटावर, म्हणजे कंपनीने दिलेल्या कामाच्या चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं करायचं. 'गाडी चाचणीला उभी असेल तर धूर आवर, रस्त्याला लागली की सोड' असं लिहिलेलं असलं, तरी तुमच्यासाठी ती कोडमधली एक 'इफ'ची ('जर-तर'ची) अट. अटीला कुठे फुप्फुसं असतात? फोक्सवॅगनच्या जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत ही हातचलाखी होती. २०१५ साली ती उघडी पडल्यावर कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखाने तिथल्या संसदेपुढे सांगून टाकलं, की हे एक-दोन सॉफ्टवेअर इंजिनीअरांचं काम. बघा! एरवी अप्रेझलमध्ये तुमचं नाव शोधून सापडत नाही, आणि त्या दिवशी सगळं श्रेय तुम्हांलाच. २०१७ मध्ये जेम्स लियांग या इंजिनीअरला ४० महिन्यांची कैद झाली. असो, 'वरून सांगितलं होतं' हे वाक्य पाठ असू द्या. कोर्टात चालत नाही, पण घरी बायकोसमोर चालतं.

बग, म्हणजे कोडमधली चूक निघालीच तर यंत्र खरं, माणूस चोर. ब्रिटनच्या टपाल खात्यात 'होरायझन' नावाची हिशेबप्रणाली होती. तिने दाखवलेल्या तुटीवरून ९००हून अधिक उपपोस्टमास्तर गुन्हेगार ठरले. काही तुरुंगात गेले. प्रणाली मात्र कामावर हजर.

सह्या करणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. २०१८ साली गूगलमधल्या हजारो कर्मचाऱ्यांनी ड्रोनच्या चित्रणावर चालणाऱ्या लष्करी कामाविरुद्ध पत्र लिहिलं, आणि कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवलं नाही. चांगलं चाललेलं काम! अशाने बाकीच्यांना वाटायला लागतं, की आपल्यालाही नाही म्हणता येतं.

गुरू हवा असेल तर लांब कशाला जाता? आपल्याच खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत बघा. मानशीतल्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या मासळीची पावणी (लिलावातला हक्क) घेतलेला एखादा रात्री ते फळीचं दार वर धरून ठेवतो. भरतीचं खारं पाणी आत शिरतं, जाळं भरतं आणि पलीकडच्या शेतात शेजाऱ्याचं भात पिवळं पडतं. त्याला जाब विचारा. तो शांतपणे सांगेल, "मी फक्त फळी उचलली, बाबा. पाणी चंद्राने आणलं."