‘दारुड्यांच्या उपचाराचा भुर्दंड आमच्या प्रीमियमवर कशाला?’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि माहेरच्या. त्याचा आशय असा. मानसिक आजार आणि व्यसनमुक्ती यांच्या उपचारांना बाकी आजारांइतकाच विमा मिळावा ही मागणी प्रामाणिक माणसावर अन्याय करणारी आहे. मनाचे आजार कुठल्याच रिपोर्टात दिसत नाहीत, त्यामुळे खोट्या क्लेमचा सुळसुळाट होईल. दारू माणूस स्वतःच्या हाताने पितो, त्याचं बिल बाकीच्यांनी का भरायचं? बरा होऊन घरी गेला तरी परत पितोच. आणि या सगळ्यात प्रीमियम वाढणार तो तुमचा-आमचा. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. मी १४ वर्षं एका खासगी हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर बसते. टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेला, कागद पाठवायचे, त्यांच्या क्वेरींना उत्तरं द्यायची आणि क्लेम नामंजूर झाला की नातेवाइकांना समोर बसवून ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘मागणी’ या शब्दाबद्दल. ही मागणी राहिलेलीच नाही, हा देशाचा कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजारांना ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजारांनाही प्रत्येक विमा कंपनीने द्यायचा. २९ मे २०१८ पासून हा कायदा लागू आहे. त्याच ऑगस्टमध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना तसं कळवलं. तरीही टाळाटाळ चालूच राहिली. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका महिलेच्या याचिकेवर विमा कंपनीला हे कलम पाळावंच लागेल असं बजावलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढून ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसी सुधारा, असं सांगावं लागलं. म्हणजे मेसेज ज्याला विरोध करतोय ते संसदेने कधीच ठरवून टाकलं आहे.

‘रिपोर्टात दिसत नाही.’ अर्धशिशी कुठल्या रक्ततपासणीत दिसते? फिट येऊन गेलेल्या माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, नॉर्मल येऊ शकतो, म्हणून त्याला फिट आलीच नाही असं कोणी म्हणत नाही. मनोविकारांचंही निदान ठरलेल्या निकषांवर होतं. आमच्याकडे येणाऱ्या कागदावर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा कोड असतो: डिप्रेशनचा एफ ३२, दारूच्या विकारांचा एफ १०. डॉक्टरांची तपासणी, रोजच्या नोंदी, औषधांचा तक्ता, सगळं मागितलं जातं आणि द्यावं लागतं.

आणि खोटे क्लेम? माझ्या डेस्कवर मी याच्या बरोबर उलटं पाहते. पॉलिसी खिशात असूनही लोक रोख पैसे भरतात, कारण कंपनीत कळायला नको, मुलीचं लग्न ठरतंय, शेजारी काय म्हणतील. एका वडिलांनी मुलाच्या ॲडमिशनचे पूर्ण पैसे भरले आणि मला म्हणाले, “मॅडम, आमच्या पॉलिसीवर याची नोंद नको.” बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात असं आढळलं. जिथे खरे रुग्णच दारात येत नाहीत, तिथे खोट्यांची झुंबड उडेल ही भीती कुठून येते?

आता ‘स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय’. हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण याच्यामुळे माणसं मरतात.

तीस वर्षं बिडी ओढलेल्या माणसाला हार्ट अटॅक येतो. आमच्याकडून कागद जातात, त्याच्या स्टेंटचं अप्रूव्हल बहुतेक वेळा त्याच दिवशी येतं. हेल्मेट न घालता पडलेल्या पोराच्या मेंदूच्या ऑपरेशनचं येतं. पथ्य न पाळलेल्या मधुमेहाच्या पेशंटचा पाय कापावा लागतो, त्याचंही येतं. आणि यायलाच हवं. विमा माणसाच्या वागणुकीचे गुण देत नाही, संकटात पैसे देतो. मग एकाच आजाराच्या बाबतीत आपण एकदम न्यायाधीश का होतो?

दारू सोडताना काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. रोज पिणाऱ्याने अचानक पिणं थांबवलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, अंग घामाने निथळतं, नाडी पळत सुटते. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. ही वैद्यकीय इमर्जन्सी आहे. सलाइन, बी-१ ची इंजेक्शनं, रात्रभर लक्ष ठेवणारी नर्स, सगळं लागतं. असाच एक पेशंट वॉर्डात होता. चाळिशीचा, चांगला टर्नर. चादरीवरच्या मुंग्या झटकत होता, आणि चादरीवर एकही मुंगी नव्हती. त्याची बायको डब्याची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसली होती. कॅशलेसच्या फॉर्मवर एक रकाना असतो: दारूचं व्यसन आहे का, असल्यास कधीपासून. ती त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, “ताई, एवढं लिहू नका ना.” मी म्हटलं, “वहिनी, डॉक्टर खोटं लिहू शकत नाहीत, आणि मी पण नाही.” ती काही बोलली नाही. डबा तसाच उचलून वॉर्डाकडे गेली. दुसऱ्या दिवशी नकार आला. पाचव्या दिवशी तिने मंगळसूत्रातली वाटी मोडून बिलाचा पहिला हप्ता भरला.

हा नकार ज्याच्या आधारे येतो ते कलम बहुतेक पॉलिसींत सापडेल. आयआरडीएआयने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या यादीत बारावा कोड आहे: दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनाचे उपचार आणि त्यांचे परिणाम. त्याच वेळी नियामकाने हेही सांगितलं होतं की मानसिक आजार वगळता येणार नाहीत. आता २०१७ च्या कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या काढून बघा. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था तिच्यात स्पष्ट शब्दांत धरल्या आहेत. कायदा ज्याला मानसिक आजार म्हणतो, तोच पॉलिसीतून वगळला जातो. ही विसंगती अजून तशीच आहे. आणि ‘त्यांचे परिणाम’ हे दोन शब्द तर इतके सैल आहेत की लिव्हरच्या, स्वादुपिंडाच्या प्रत्येक केसमध्ये पहिली क्वेरी हीच येते: पेशंट पितो का?

‘परत पितोच.’ काही जण पितात, हे खरं आहे. व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के धरतात. उच्च रक्तदाब आणि दम्यात उपचार सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के आहे. दम्याचा पेशंट तिसऱ्यांदा ॲडमिट झाला म्हणून ‘याच्यावर पैसे वाया जातात’ असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. चिवट आजारांची रीतच ही आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे. तिथून बाहेर पडून वर्षानुवर्षं दारूला न शिवलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, तुमच्याही ओळखीत एखादा असेल. त्यांतले कितीतरी एकदा घसरून परत उभे राहिलेले आहेत. खरी अडचण घसरण्यापेक्षा पोहोचण्याची आहे. एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. भरती होऊन उपचार मिळाले ते १८० मागे एकाला.

प्रीमियमचा मुद्दा थोडक्यात, कारण हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत २००१ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यात मानसिक आजार आणि व्यसन यांना समान संरक्षण मिळालं. या योजनेत ८० लाखांहून जास्त माणसं होती. २००६ मध्ये आलेल्या अभ्यासात, समानता नसलेल्या योजनांशी तुलना केली तेव्हा खर्चात म्हणावी अशी वाढ दिसली नाही. २००८ मध्ये तिथे मोठ्या कंपन्यांच्या विम्यासाठीही समानतेचा कायदा झाला. उलट आज व्यसनाचे उपचार नाकारले की तोच माणूस काही वर्षांनी रक्ताच्या उलट्या घेऊन आयसीयूत येतो, आणि ते बिल कितीतरी मोठं असतं.

समानतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. बहुतेक पॉलिसी २४ तासांची ॲडमिशन असेल तरच पैसे देतात. मनाचे उपचार मात्र मुख्यतः ओपीडीत होतात: दर महिन्याची तपासणी, गोळ्या, समुपदेशनाची सेशन्स. कागदावर नियम सारखाच, पण हाती पडणारा पैसा सारखा नाही. ओपीडीचा खर्च धरला जाईपर्यंत कलम २१(४) अर्धंच पाळलं जाईल.

तोवर ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी एवढं करा. क्लेम नाकारला तर फोनवरच्या उत्तरावर थांबू नका, कलमाच्या क्रमांकासह नकार लेखी मागा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, तिच्यात कलम २१(४) आणि मानसिक आजाराची व्याख्या दोन्ही लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. पण कंपनीच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून तारीख लिहून ठेवा. त्या टर्नरच्या बायकोला हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. आता नकाराचं पत्र हातात देताना त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे सगळं मी स्वतः लिहून देते.