तिचं डोकं दुखतंय म्हणजे दुखतंय

परवा मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू झालं. अटलांटाच्या उत्तरेला निम्मी सांगली-कोल्हापूर येऊन वसलेली, त्यामुळे आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं साग्रसंगीत. (कैरी मेक्सिकोची. पण आंबट निघाली, तक्रार नाही.) बोलता बोलता मी सांगितलं, की शेजारणीबरोबर ब्लॅक मातांच्या आरोग्य सप्ताहातल्या एका कार्यक्रमाला जाऊन आले. तर एक काकू पन्ह्याचा पेला खाली ठेवत म्हणाल्या, “त्यांना कशाला हवाय वेगळा सप्ताह? त्यांना तर सरकार सगळं फुकट देतं.” चारजणी हसल्या. मी काही बोलले नाही. घरी आल्यापासून मात्र ते घशात अडकून बसलंय, म्हणून ही लांबण.

आधी एक सांगते. मी ‘कृष्णवर्णीय’ लिहिणार नाही. तो पेपरातला शब्द. आणि आपल्या घरांत जो शब्द चालतो तो इथे लिहायची मला लाज वाटते. त्या स्वतःला ब्लॅक म्हणवतात, मीही तेच म्हणते.

माझी लेक झाली तेव्हा आई सहा महिने येऊन राहिली होती. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने डिंकाचा खडा उजेडाला धरून पाहिला आणि आईकडे असं बघितलं, की ती आजही ते सांगताना हसते. सव्वा महिना तिने मला गार पाण्यात हात घालू दिला नाही. मी चिडायचे. आता कळतं, की त्या सव्वा महिन्यात दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडाकडे बघणारं एक माणूस घरात होतं.

शेजारीण ब्लॅक, शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला. तिची आई मेकनला नोकरी करते, तिला आठवड्याची सुट्टी मिळाली, मग ती परत गेली. या देशात १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा आहे, पण बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना लागू नाही. म्हणजे आईने लेकीसाठी सव्वा महिना काढायचा तर घरभाडं कोण भरणार?

आईच्या जागी आली ती डूला. आपल्याकडे हा शब्द अजून फारसा रुळलेला नाही. डूला म्हणजे सुईण नव्हे. ती बाळंतपण करत नाही, बाळंतिणीजवळ बसते. कळा येताना पाठ चोळते, घरी येऊन बाळाला पाजायला शिकवते, आणि मुख्य म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते नीट ऐकून ठेवते. हिची डूला साठीतली, ब्लॅक, मोठ्या आवाजाची. तिने फ्रिजवर एक कार्ड चिकटवलं होतं. जाड मार्करने चार ओळी: डोकं दुखून थांबत नसेल, डोळ्यांपुढे ठिपके दिसत असतील, धाप लागत असेल, एका पायाला सूज असेल, तर वाट बघू नकोस. खाली लाल अक्षरांत: पहिलं वाक्य हेच बोल, ‘मी नुकतीच बाळंत झालेय.’

मला तेव्हा ते कार्ड जरा अतिच वाटलं होतं.

नवव्या दिवशी रात्री शेजारणीचं डोकं ठणकायला लागलं. नवरा तिला इमर्जन्सीत घेऊन गेला, बाळ माझ्याकडे. तिथे सांगितलं, झोप झाली नसेल, गोळी घ्या, बसा. ती बसली. दीड तास. मग तिने डूलाला फोन लावला आणि डूलाने तिला एकच वाक्य पढवलं: “माझं ब्लडप्रेशर बघायला तुम्ही नकार दिलात, असं माझ्या कागदावर लिहा.” पाच मिनिटांत पट्टा दंडाला होता. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे. बाळंतपणानंतरचं प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे ब्लडप्रेशर जिवावर बेतेल इतकं वाढायचं दुखणं. आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचं सलाइन लावलं, तीन दिवस ठेवून घेतलं. पहाटे नवऱ्याचा मेसेज आला तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बाळाला खांद्यावर घेऊन त्या कार्डासमोरच उभी होते.

आता काकूंचं ‘फुकट’. २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ ब्लॅक माता दगावल्या. गोऱ्या १४.५. आपण आशियाई १०.७. गरिबी म्हणावं, तर तेही पुरत नाही. कॉलेजची पदवी घेतलेल्या ब्लॅक बाईला, शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त धोका आहे. आणि गर्भारपणाशी संबंधित निम्म्याहून जास्त मृत्यू होतात ते बाळंतपणाला आठवडा उलटल्यावर, वर्षाच्या आत. हॉस्पिटलने घरी पाठवल्यावर. म्हणजे आई सव्वा महिना का बसते त्याचं उत्तर हे.

शॅलन अर्व्हिंगचं नाव इथे घ्यायलाच हवं. देशाच्या रोगनियंत्रणाचं मुख्य कार्यालय, सीडीसी, आमच्या अटलांटातच आहे. शॅलन तिथे साथरोगतज्ज्ञ होती. विषमतेने माणसाची तब्येत कशी ढासळते, हाच तिच्या अभ्यासाचा विषय. छत्तीस वर्षांची, डॉक्टरेट केलेली, पदरी चांगला विमा. जानेवारी २०१७ मध्ये मुलगी झाली, पुढच्या तीन आठवड्यांत तिने दवाखान्याच्या अनेक खेपा घातल्या, ब्लडप्रेशर वाढलेलं, पाय सुजलेला, आणि महिना संपायच्या आत ती गेली. तिची आई वांडा नातीला वाढवतेय. त्याच वर्षी डिसेंबरात प्रोपब्लिका ही वृत्तसंस्था आणि एनपीआर रेडिओने तिची सविस्तर गोष्ट छापली, ऐकवली, ती या आईने तोंड उघडलं म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये कीरा जॉन्सन सिझेरियननंतर पोटात रक्तस्राव होऊन गेली. नवरा चार्ल्स तासन्‌तास डॉक्टरांच्या मागे लागला होता. त्याने पुढे वॉशिंग्टनला जाऊन साक्ष दिली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूची राज्यांनी चौकशी करावी म्हणून पैसा देणारा कायदा झाला.

आपलं दुःख छापून आणायची ही रीत त्यांच्यात जुनी आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या ब्लॅक पोराला ठेचून मारलं. आई मेमीने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली, लोकांना बघू दे म्हणाली. ते फोटो ‘जेट’ या छोट्याशा साप्ताहिकाने छापले आणि देश हलला. ‘जेट’ आणि त्याआधीचं १९४५ चं ‘एबनी’ मासिक, दोन्ही एकाच प्रकाशन-घरातली. त्या घराचा पाया काय होता? शिकागोच्या जॉन जॉन्सनने १९४२ मध्ये पहिलं मासिक काढलं, त्यासाठी आईने स्वतःचं फर्निचर गहाण ठेवून पाचशे डॉलर उभे करून दिले. आपल्याकडे मंगळसूत्र गहाण टाकतात, तिने कोच-कपाट टाकलं.

मग १९७० मध्ये खास ब्लॅक बायकांसाठी ‘इसेन्स’ आलं. शेजारणीच्या पार्लरमध्ये जुन्या अंकांचा गठ्ठा आहे. ती वेण्या घालून घेत होती (सहा तास लागतात, मी डबा घेऊन जाते), तेव्हा चाळत बसले. सगळं काही सोनं नाही हो. जुन्या ‘एबनी’त सिगारेटच्या जाहिराती, दारूच्या जाहिराती, आणि चक्क रंग उजळायच्या क्रीमच्या. मला आपलं मराठी घर आठवलं, टीव्हीसमोर बसून ट्यूब पिळणारी मावशी आठवली. पण त्याच अंकांत घर विकत घ्यायचं कसं, छातीतली गाठ कशी चाचपायची, मुलाला पोलिसाने थांबवलं तर काय शिकवून ठेवायचं, हेही. हे दुसरं कुठलं गुळगुळीत मासिक त्यांना सांगत होतं?

‘इसेन्स’मध्ये संपादकीय काम केलेल्या किंबर्ली सील्स ॲलर्सने आता ‘अर्थ’ (Irth) नावाचं ॲप काढलंय. बर्थमधला ब काढून टाकलेला. ब म्हणजे बायस, दुजाभाव. कुठल्या हॉस्पिटलात आपलं ऐकलं, कुठे हसण्यावारी नेलं, हे बायका तिथे लिहितात. शेजारणीनेही लिहिलं. अडीच परिच्छेद, शिक्षिकेचं असल्यामुळे विरामचिन्हांसकट.

आणि हे सगळं गावगप्पांसारखं सुरू झालं. १९८३ च्या उन्हाळ्यात बिली एव्हरी या बाईने अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात ब्लॅक बायकांच्या आरोग्याची परिषद भरवली. तिचा स्वतःचा नवरा तेहतिसाव्या वर्षी हार्टअटॅकने गेलेला. जवळपास दोन हजार बायका आल्या. त्यातून जागोजागी बसून बोलण्याचे गट निघाले, काहींच्या हॉलमध्ये, काहींच्या चर्चमध्ये. त्याच्याही मागे गेलं तर सुइणी. अटलांटाच्या दक्षिणेला ऑल्बनी गावातल्या मेरी कोली या सुइणीने तीन हजारांवर बाळंतपणं केली, आणि १९५३ च्या सुमाराला आमच्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याने तिच्यावर प्रशिक्षणाचा चित्रपट काढवून घेतला. पुढे अशा सुइणींना अडाणी म्हणून कायद्याने बाजूला सारलं. आता तेच काम डूला या नावाने, पदरचे पैसे घालून परत आणावं लागतंय. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

सरकारने काही केलं नाही असं नाही. जॉर्जियात गरीब बाळंतिणीचा सरकारी विमा पूर्वी साठ दिवसांत तुटायचा, २०२२ पासून तो वर्षभर चालतो. बरं झालं. पण तोच तो ‘फुकट’ विमा, काकू. आमची शेजारीण तर पगारातून हप्ते कापून घेणारी. तिलाही दीड तास बसवलंच की.

अजून एक गोष्ट मला खटकते, ती आपल्यासारख्या भल्या लोकांची. “त्या किती खंबीर असतात!” मी स्वतः म्हटलंय हे, शेजारणीच्या तोंडावर. ती म्हणाली, “तेच तर. खंबीर बाईला दुखत नाही असं वाटतं ना लोकांना.” वाघीण म्हटलं की पट्टा बांधायला कोण येणार? त्यांनी मासिकं काढली, गट काढले, ॲप काढलं, याचं कौतुक मलाही आहे. पण हॉस्पिटलने करायचं काम साठीतल्या एका बाईने रात्री साडेअकराला फोनवरून करावं लागतं, याचा मला राग जास्त आहे.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. आमच्या मंडळाच्या स्टेजवर दर वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंची तसबीर असते. मंडळाच्या कार्यक्रमाला ब्लॅक पाहुणी मी बारा वर्षांत एक पाहिली, ती केटरिंगवाली.

असो. काल रात्री ते कार्ड मराठीत लिहून मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. सोबत दोन ओळी, शेजारणीला विचारूनच. अकरा अंगठे आले, एक हात जोडलेला. आज सकाळी त्याच काकूंचा वेगळा मेसेज. हळदीकुंकवाचं अवाक्षर नाही. सुनेला मे महिन्यात दिवस भरतायत, ब्लडप्रेशरचं मशीन कुठलं चांगलं?

लिंक पाठवली. दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको, एवढं लिहिलं.