तीन कोन दिले म्हणजे त्रिकोण ठरत नाही

‘दहावी भूमितीच्या 3 सुपर ट्रिक’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. आधी दोनदा सोडून दिला होता. पण नागपूरच्या महाल भागातली माझी भाची यंदा दहावीत आहे. सराव परीक्षेत तिनं दोन त्रिकोण ‘कोकोको कसोटीने एकरूप’ (कोन-कोन-कोन सारखे, म्हणून मापासकट तंतोतंत सारखे) लिहिले आणि गुण गेले. विचारलं तर म्हणते, “मामा, मेसेजमध्ये तसंच होतं ना!” आता गप्प बसवत नाही.

पहिली ट्रिक म्हणे: तिन्ही कोन दिले की त्रिकोण एकच. साफ चूक! कंपासपेटीतल्या 30-60-90 च्या गुण्याचे आणि सरांच्या फळ्यावरच्या मोठ्या लाकडी गुण्याचे कोन तेच असतात. मग सरांचा गुण्या पेटीत का मावत नाही? कोकोको ही समरूपतेची, म्हणजे आकार तोच पण माप लहानमोठं चालेल अशा सारखेपणाची कसोटी आहे, दहावीच्या भूमितीचं पहिलंच प्रकरण समरूपतेचं आहे. एकरूपतेला निदान एक तरी बाजू लागतेच. पटत नसेल तर आपल्या झिरो माईलला जा, तिथं जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या ‘ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हे’ या देशमोजणीचा दगड आहे. त्या सर्वेक्षणानं थिओडोलाइटनं कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश मोजला. पण त्याआधी, 1802 मध्ये, हे सर्वेक्षण सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ साडेसात मैलांची रेषा जमिनीवर साखळीनं मोजून घेतली. नुसत्या कोनांवर भागलं असतं, तर कोण कशाला उन्हात साखळी ओढत बसलं असतं? ती एक लांबी हाती आली, तेव्हाच पुढच्या बाजू गणितानं काढता आल्या.

दुसरी ट्रिक: दोन बाजू आणि ‘कोणताही’ एक कोन दिला की त्रिकोण एकच. हेही चूक. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीत कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच हवा. 10 सेंमीची रेघ काढा, एका टोकाला 30 अंशांचा कोन करा, दुसऱ्या टोकावरून 6 सेंमीचा कंस मारा. कंस दोन जागी छेदतो, त्रिकोण दोन होतात. 5 सेंमी घेतलं तर एकच, काटकोनी. 4 घेतलं तर कंस पोचतच नाही.

तिसरी: पूर्ण अंशांचे कोन घेतले तर 15,931 ‘वेगवेगळे’ त्रिकोण. आकडा हवेतला नाही, एवढं मान्य. पण त्यात 50-60-70 हा एकच त्रिकोण क्रम बदलून सहा वेळा मोजलाय. क्रम सोडला तर उरतात 2,700, आणि तेही आकार, प्रत्येकाचे लहानमोठे त्रिकोण हवे तेवढे. भाचीनं काल 1-1-178 पासून यादी करायला घेतली, 1 अंशाच्या रांगेतच 89 निघाले.