६८ टक्क्यांचा हिशेब आणि रविवारची रात्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या आवारातील कार्बन उत्सर्जन कसे मोजले आणि कसे घटवले, यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि परखडपणे लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मला असे समजले : गॅस जाळणे बंद करून बाहेरची वीज घेणे म्हणजे आपल्या अंगणातला धूर शेजाऱ्याच्या अंगणात ढकलणे असून ६८ टक्के घट ही कागदावरची करामत आहे; या बदलासाठी ४८.५ कोटी डॉलर खर्च करणाऱ्या विद्यापीठाचा दाखला, वसतिगृहाचे गळके छप्पर दुरुस्त करायला ज्यांच्याकडे पैसे नाहीत अशा आपल्या विद्यापीठांना देणे ही थट्टा आहे. आणि आपल्याकडे ‘ग्रीन ऑडिट’, म्हणजे संस्थेचे पर्यावरण-लेखापरीक्षण, होतच असते, त्याने आजवर काय फरक पडला? पहिल्या आक्षेपात बरेच तथ्य आहे, दुसऱ्यात निम्मे आहे आणि तिसरा तर माझाच मुद्दा आहे, जो मला लेखात नीट मांडता आला नाही.

स्टॅनफर्डमध्ये १९८७ पासून नैसर्गिक वायूवर चालणारे सहनिर्मिती केंद्र होते. वायू जाळून वीज तयार करायची आणि उरलेल्या उष्णतेची वाफ करून ती इमारतींना पुरवायची, ही व्यवस्था त्या काळी कार्यक्षम मानली जात होती, आणि नुसती वीज तयार करून उष्णता वाया घालवण्याच्या तुलनेत ती होतीही. मात्र आवाराच्या गरजांची तासागणिक नोंद तपासली गेली तेव्हा असे दिसले की, ज्या वेळी काही इमारती वाफेने तापवल्या जात होत्या, नेमक्या त्याच वेळी प्रयोगशाळा, रुग्णालय आणि संगणककक्ष थंड ठेवण्यासाठी चिलर (पाणी थंड करणारी मोठी यंत्रे) चालत होते, आणि त्या चिलरांनी आतून काढलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून, पाण्याची वाफ करत, हवेत सोडून दिली जात होती. म्हणजे एका हाताने उष्णता फेकायची आणि दुसऱ्या हाताने वायू जाळून ती पुन्हा निर्माण करायची. वर्षाच्या बेरजेत हे कधीही दिसले नसते, कारण तिथे तापवण्याचा एक रकाना असतो आणि थंड करण्याचा दुसरा. दोन्ही गोष्टी एकाच तासाला घडत आहेत हे सांगणारा रकानाच नसतो.

२०१५ मध्ये ते केंद्र बंद झाले. चिलरने काढलेली उष्णता आता गरम पाण्यात उतरवली जाते, वाफेच्या नळ्यांच्या जागी गरम पाण्याच्या नळ्या आल्या, आणि गरम व थंड पाणी साठवायला प्रचंड टाक्या बांधल्या गेल्या. या भागाबाबत आपला आक्षेप मला मान्य नाही. फेकली जाणारी उष्णता परत वापरल्यामुळे जो वायू जाळावा लागला नाही, तो दुसऱ्या कुणाच्या अंगणातही जळलेला नाही. चिलरला वीज लागतेच, पण ती उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर इकडून तिकडे नेण्यासाठी लागते, आणि नेण्याचे काम निर्माण करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

आपण चूक पकडली आहे ती ६८ टक्क्यांच्या आकड्यात. सर्वोच्च पातळीच्या तुलनेतील ही घट केवळ उष्णतेच्या पुनर्वापराची नव्हे. करार करून घेतलेली सौरवीज तिच्यात धरलेली आहे. विजेचे उत्सर्जन मोजण्याच्या दोन रीती आहेत. आवार ज्या ग्रिडवर, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यावर, आहे त्या ग्रिडच्या सरासरीने मोजायचे, किंवा ज्या प्रकल्पाशी करार केला आहे त्याच्या विजेप्रमाणे मोजायचे. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलने, म्हणजे उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने, २०१५ च्या मार्गदर्शिकेत असे करार करणाऱ्यांनी दोन्ही आकडे द्यावेत असे सांगितले, ते याच गोंधळासाठी. कॅलिफोर्नियातल्याच लेमूर गावाजवळचा, कराराचा दुसरा सौरप्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाल्यावर विद्यापीठ आपली सारी वीज नवीकरणीय असल्याचे सांगते. परंतु तो ताळमेळ वर्षाच्या बेरजेचा आहे. दुपारी ग्रिडला दिलेली सौरवीज आणि रात्री अकराला ग्रिडमधून घेतलेली वीज वहीत एकमेकींतून वजा होतात, पण रात्री अकराला कॅलिफोर्नियात वायूवरची केंद्रे चालूच असतात. गंमत अशी की, ज्या विद्यापीठाला तासागणिक नोंदीने आपला अपव्यय दाखवला, तेच यशाचा आकडा सांगताना वार्षिक बेरजेकडे वळले. माझ्या लेखात हे यायला हवे होते.

आता पैशांबद्दल. स्टॅनफर्डची मांडणी अशी होती की, जुनी व्यवस्था चालू ठेवण्यापेक्षा पुढच्या ३५ वर्षांत हा मार्ग स्वस्त पडेल. तरीही एवढी रक्कम आधी उभी करणे हे श्रीमंताचेच काम आहे, यात वाद नाही. शिवाय आपल्याकडे इमारती तापवाव्या लागत नाहीत, त्यामुळे त्या नळ्यांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. परंतु उष्णता निर्माण करण्यापेक्षा ती हलवावी, हे त्यामागचे तत्त्व आपल्या वसतिगृहातही लागू पडते. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला सुमारे अर्धे युनिट वीज लागते, आणि भारतीय ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. समजा, एका वसतिगृहात हजार मुले-मुली रोज एकेक बादली घेतात. गिझरवर हे रोजचे साडेचारशेच्या वर युनिट झाले. हीट पंप हेच काम जवळपास तृतीयांश विजेत करतो, कारण तो उष्णता हवेतून उचलून पाण्यात सोडतो, आणि आपली हवा बाराही महिने त्याला मानवणारी आहे. तिकडे ग्रंथालयाच्या आणि सर्व्हर रूमच्या एसीची बाहेरची यंत्रे दिवसभर गरम वारा फेकत असतात, ते वेगळेच. छपरावरचे सौर बंब उत्तम, पण पावसाळ्यात तेच बंब त्यांच्या आतल्या विजेच्या कॉइलवर चालू लागतात, आणि ती कॉइल दिवाळीनंतरही बंद करायचे कुणाला सुचत नाही.

भारतीय माणसाचे दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आणि अमेरिकन माणसाचे त्याच्या सहा-सात पट, तेव्हा आपण का झिजायचे, असेही आपण विचारले आहे. झिजावे असे मी म्हटलेले नाही. ज्या युनिटचा कुणालाच उपयोग झाला नाही त्याचे बिल विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरले जाते, एवढेच कारण मला पुरेसे वाटते; छपराच्या दुरुस्तीचे पैसेही त्याच पिशवीतून यायचे असतात.

राहिले ग्रीन ऑडिट. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात सातव्या निकषाखाली पर्यावरण आणि ऊर्जा यांच्या लेखापरीक्षणाला गुण असत, त्यामुळे तिच्या समितीची भेट जवळ आली की अहवाल तयार होई. नाव घेत नाही, पण ज्या महाविद्यालयात मी शिकवत होतो तिथल्या अशा एका समितीत मीही बसलो आहे. बारा वीजबिलांची बेरीज केली, झाडे मोजली, चित्रे जोडली आणि फाइल कपाटात गेली. जनरेटरच्या डिझेलवर मात्र आमची भरपूर चर्चा झाली, कारण त्याचा धूर दिसतो. वास्तविक एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यातून तीन-साडेतीन युनिटे मिळतात, म्हणजे दर युनिटला तो ग्रिडच्या विजेपेक्षा फारसा वाईट नाही. शिवाय आमच्याकडे तो महिन्यातून मोजके तासच चालत असे. याउलट एसीमध्ये भरल्या जाणाऱ्या गॅसचा विषयच निघाला नाही. आर-४१० ए हा नेहमीचा गॅस एक किलो गळाला, तर त्याचा तापमानवाढीवरील परिणाम दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका धरला जातो, म्हणजे जवळजवळ तीन हजार युनिट वीज जाळल्यासारखे. आमच्या मेकॅनिकच्या बिलावर मात्र ‘सर्व्हिसिंग व गॅस’ एवढेच लिहिलेले असे, किती किलो ते नाही. त्या बिलावर वजनाचा रकाना घालायला लावणे, हे मला हजार रोपे लावण्याच्या कार्यक्रमापेक्षा महत्त्वाचे वाटते, भले त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येणार नाही.

आणि ज्यासाठी कुठल्याही विद्यापीठाला नवा रुपया खर्च करावा लागत नाही ती गोष्ट अशी : उच्चदाब ग्राहकाचा, म्हणजे विद्यापीठासारख्या मोठ्या वीजग्राहकाचा, मीटर ठरावीक मिनिटांच्या अंतराने मागणीची नोंद ठेवत असतो, आणि ती नोंद मागवता येते. आमच्या समितीचे काम संपल्यावर एका सहकाऱ्याने ती मागवली आणि तिचा आलेख काढला. मला त्यात रविवारच्या रात्री दोन वाजताची रेघ पाहायची होती. वर्ग बंद, कार्यालय बंद, मेस बंद, तरीही रेघ जमिनीला टेकत नव्हती. आम्ही दोघे टॉर्च घेऊन एका रविवारी रात्री फिरलो. कुलूपबंद सभागृहातला एसी चालू होता, गच्चीवरच्या टाकीचा, ती भरल्यावर पाणी थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह बिघडल्याने पंप पाणी चढवत होता आणि पाणी ओसंडून वाहत होते, आणि प्रत्येक मजल्यावरचा वॉटर कूलर कुणीही पिणार नाही ते पाणी थंड करत होता. बारा बिलांच्या बेरजेत हे सारे होते, फक्त दिसत नव्हते.

विमानप्रवास, विद्यार्थ्यांच्या दुचाक्या आणि संलग्न महाविद्यालये मोजणीत धरायची की नाही, हा आपला उपप्रश्न योग्य आहे. माझे मत असे की सीमा कुठेही आखावी, पण ती अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावी आणि पुढच्या वर्षी हलवू नये. एरवी घट उत्सर्जनात झाली की सीमेत, हे कळायला मार्ग राहत नाही.

मूळ लेखातील ‘उष्णतेच्या पुनर्वापराने उत्सर्जन ६८ टक्क्यांनी घटले’ हे वाक्य मी आज बदलले आहे. तिथे आता ‘उष्णतेचा पुनर्वापर आणि कराराने घेतलेली सौरवीज मिळून’ असे वाचायला मिळेल, आणि खाली ही दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे केल्याचे नमूद केले आहे.