‘गुगलवरचा फोटो कोणाचाच नसतो’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

आंब्याचा सीझन जवळ आला की दापोलीकडच्या होमस्टेवाल्यांच्या आणि आंबा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. गुगलवर सापडलेला, नाव नसलेला फोटो कोणाचाच नसतो. डिझाईनमध्ये तीस टक्के बदल केला की ते आपलं होतं. खाली ‘क्रेडिट टू ओनर’ लिहिलं की कोणी काही करू शकत नाही. आणि ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर, विनाअट फुकट असतं. मी डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करते. या चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्यांचा फटका आपल्याच माणसांना बसतो, म्हणून हे लिहितेय.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक बोर्डासाठी हर्णै बंदराचा फोटो घेऊन आलं. मागे सुवर्णदुर्ग, पुढे होड्या. स्क्रीनवर मोठा केला तर उजव्या कोपऱ्यातलं पाणी वेगळं दिसलं. एकच लाट तीनदा चिकटवलेली. कोणीतरी क्लोन टूलने, म्हणजे चित्राचा एक भाग दुसरीकडे चिकटवणाऱ्या साधनाने, फोटोवरचं नाव पुसलं होतं आणि शेवटचं अर्धं अक्षर होडीच्या काठावर राहून गेलं होतं. शोध घेतला तर फोटो काढणारा मुलगा शेजारच्याच गावचा निघाला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढला की हक्क तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, वर्तुळातला ‘सी’ छापायचीही गरज नाही. तो हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. गुगल फक्त फोटो कुठे आहे ते दाखवतं, देऊन टाकत नाही. आणि नाव जाणूनबुजून पुसणं हा तर २०१२ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. तुम्ही स्वतः पैसे देऊन फोटोग्राफर बोलावलात तर गोष्ट निराळी: वेगळा करार नसेल तर त्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच.

तीस टक्क्यांचा आकडा कायद्यात कुठेही नाही. वीसचा नाही, पन्नासचाही नाही. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. आणि पाहणाऱ्याला दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट वाटलं तर ते उल्लंघन. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथीकडे, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या लोककलेकडे बघा. रामायणाची कथा कोणाच्या मालकीची नाही, जुनी शैलीही नाही. पण आज तिथला कलाकार कागदावर जो रावण काढतो, त्या रेषा त्याच्या आहेत. तो रावण कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून टी-शर्टवर छापला तर पिक्सेलच्या जागी वक्ररेषा येतात, एवढंच. चित्र त्याचंच राहतं.

फोटोची फाईल जेपीजी प्रकारातून पीएनजी प्रकारात बदलल्यानेही मालकी बदलत नाही, उलट फोटो सुधारला असा गैरसमज वाढतो. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि त्यातला बारकावा टाकून देते. तो पीएनजी केल्यावर परत येत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला १२८० पिक्सेल रुंदीचा फोटो सहा फुटी फ्लेक्सवर ताणला तर इंचाला १८ पिक्सेलसुद्धा मिळत नाहीत. डोलकाठीभोवती ते चौकोन दिसायला लागतात. मूळ फाईल मागून घेण्याचं हेही एक कारण.

श्रेय देणं चांगलंच, पण ती परवानगी नव्हे. अपवाद क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे मालकाने आधीच सगळ्यांना देऊन ठेवलेल्या परवान्यांचा: त्यातल्या ‘बीवाय’ (श्रेय द्या) परवान्याच्या फोटोला नाव, परवाना आणि केलेला बदल सांगितला की पुरतं. मात्र त्यात ‘एनसी’ (धंद्यासाठी नाही) असेल तर होमस्टेच्या बोर्डावर तो फोटो चालणार नाही, कारण ती धंद्याची जाहिरात आहे.

ओपन सोर्सच्या बाबतीत मात्र मेसेज लोकांना उगाच दोन्ही बाजूंनी चुकवतो. इंकस्केप हा डिझाईनचा प्रोग्रॅम जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली आहे. धंद्यासाठी वापरा, दहा मशीनवर टाका, त्यात काढलेलं डिझाईन तुमचंच. अट लागते ती प्रोग्रॅम, बदलून किंवा आहे तसा, दुसऱ्याला दिलात तर: सोर्स कोडही (प्रोग्रॅमचा मूळ कोड) त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट बोर्डावर, पेटीवर, लेबलवर खुशाल वापरा. नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही. क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडून फुकट वापरलेलं विकतचं सॉफ्टवेअर यात बसत नाही. ते जाणूनबुजून धंद्यात वापरलं तर कायद्यात किमान सात दिवस कैद आणि पन्नास हजार रुपयांपासून पुढे दंड सांगितला आहे.

हर्णैचा फोटो काढणाऱ्या त्या मुलाने माफक पैसे घेतले आणि मूळ फाईल पाठवली. मांडणी इंकस्केपमध्ये केली, अक्षरं मुक्तामध्ये. बोर्ड आता हर्णैच्या रस्त्याला लागलाय. खाली कोपऱ्यात, होडीच्या काठाशी, त्याचं नाव पूर्ण छापलंय.