प्रोसिडिंग्ज उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करा

प्रकाशयोजनेवर संशोधन करताय म्हणता? उत्तम. मग सगळ्यात आधी दिव्यांपासून लांब राहायला शिका. दिव्याजवळ बसलं की माणसाला प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडलेल्या माणसाचा पेपर शेवटच्या तारखेच्या आत कधी जात नाही. तुम्हाला हवा आहे पेपर. पेपर म्हटला की परिषद आली, आणि परिषद म्हटली की प्रोसिडिंग्ज आली. परिषदेत वाचलेल्या पेपरांचा हा जाडजूड ग्रंथ (हल्ली पेन ड्राइव्ह, त्यातही निम्म्या फायली न उघडणाऱ्या) कसा हाताळायचा, हे कुणी शिकवत नाही. म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

परिषद नागपुरात असेल तर ती हिवाळी अधिवेशनाच्या आठवड्यात ठेवा. हॉटेलात खोल्या मिळत नाहीत हे खरं, पण उद्घाटक मिळतात. उद्घाटन अर्थातच समई लावून. जगभरच्या एलईडीवर बोलायला जमलेली मंडळी तेलाच्या वातीभोवती कोंडाळं करून उभी राहतात, एसीच्या झोतानं पहिली वात विझते, मग आयोजक दोन्ही तळहातांचा आडोसा करतात आणि फोटोग्राफर म्हणतो, ‘सर, पुन्हा एकदा.’ मागच्या रांगेत एखादा पोरगा उजेड मोजायचं यंत्र, लक्समीटर, घेऊन बसलेला दिसला तर आधी तो काढून घ्या. हॉलच्या झगमगाटात समईनं नेमकी किती लक्सची भर घातली हे तो मोजून बसेल, आणि दोन दिवसांत तिथं झालेलं तेवढंच एक मोजमाप ठरेल. तर्री-पोहे आणि संत्रा बर्फी मात्र चांगली असते, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. प्रोसिडिंग्ज ही वाचायची वस्तू नाही, दाखवायची आहे. पाठीमागे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, आहे ना, तो बघा आणि कपाटात ठेवा. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तक्त्यात शिक्षकामागे किती पेपर परिषदांच्या प्रोसिडिंग्जमध्ये छापून आले याला रकाना आहे. किती जणांनी ते वाचले याला नाही. पीएच.डी.वाल्यांना 2016 च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार प्रबंध देण्याआधी परिषदेत दोनदा पेपर सादर करणं सक्तीचं होतं. 2022 च्या नियमांत ती सक्ती गेली, पण घाबरू नका, गाइड तेच आहेत.

मजकुराची चिंता तर करूच नका. 2005 मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी निरर्थक पेपर आपोआप लिहून देणारा प्रोग्रॅम तयार केला, आणि त्यातला एक पेपर एका आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारलाही गेला. पुढे 2014 मध्ये दोन मोठ्या प्रकाशनसंस्थांना अशा यंत्रानं प्रसवलेले 120 हून जास्त पेपर आपल्या प्रोसिडिंग्जमधून काढून टाकावे लागले. तोवर ते तिथं सुखानं नांदत होते. यापेक्षा मोठा दिलासा तुम्हाला कोण देणार?

खरा धोका जुन्या प्रोसिडिंग्जमध्ये आहे. ग्रंथालयाच्या तळघरात, ओलीनं फुगलेल्या, करड्या पुठ्ठ्याच्या बांधणीत ती असतात. तिकडे फिरकू नका. त्या काळी लोकांना वाईट सवय होती: पेपरानंतर झालेली चर्चाही छापायची. अमेरिकेतल्या इल्युमिनेटिंग इंजिनियरिंग सोसायटीचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे खंड उघडलेत तर पेपर संपतो, खाली चर्चा सुरू होते, आणि तिथं कुणीतरी उभं राहून नावानिशी हरकत घेतलेली असते. त्यावर लेखकाचं उत्तरही छापलेलं असतं. म्हणजे विचार करा, चारचौघांत झालेली शोभा कायमची शाईत! आपल्याकडे ही अडचण सोडवली आहे. सत्राध्यक्ष म्हणतात, ‘वेळेअभावी प्रश्न चहाच्या वेळी विचारावेत,’ आणि चहाच्या वेळी कचोरी असते.

जुन्या प्रोसिडिंग्जनी काय उपद्व्याप करून ठेवलेत याचा एक नमुना देतो. तुमच्या हातातल्या लक्समीटरला उजेड कसा मोजायचा हे 1924 साली ठरलं. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाशयोजना आयोगानं तेव्हा माणसाच्या डोळ्याचा एक सरासरी वक्र मान्य केला: कोणत्या तरंगलांबीचा, म्हणजे कोणत्या रंगाचा, प्रकाश डोळ्याला किती उजळ वाटतो, त्याचा. लुमेन (दिव्यातून निघणारा उजेड), लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड), कॅटलॉगातले सगळे आकडे या एका रेघेवर उभे आहेत. पुढे लक्षात आलं की निळ्या टोकाला, 460 नॅनोमीटरच्या खाली, ही रेघ डोळ्यावर अन्याय करते. डोळ्याला तिथं दिसतं त्यापेक्षा वक्र कमी दाखवतो. हे कुठे मांडलं गेलं? कुठल्या चकचकीत मासिकात नव्हे. 1951 मध्ये स्टॉकहोमला सीआयईचं बारावं अधिवेशन झालं, त्याच्या प्रोसिडिंग्जमध्ये डीन जड या अमेरिकी रंगशास्त्रज्ञानं समितीचा अहवाल म्हणून दुरुस्त वक्र दिला. तेव्हापासून दृष्टिविज्ञानातले लोक ‘जड, 1951’ असा संदर्भ पान क्रमांकासकट देत आले आहेत. त्यातल्या कितींनी तो खंड हातात धरला असेल, हे विचारणं असभ्यपणाचं होईल. तुम्हीही विचारू नका. संदर्भ आधीच्या पेपरमधून उचलायचा असतो, स्टॉकहोमपर्यंत जायचं नसतं.

तिथवर गेलात तर काय होईल सांगतो. तुम्हाला आठवेल की पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आतल्या चिपचा प्रकाश 450 नॅनोमीटरच्या आसपास, त्यावर पिवळं फॉस्फर (एका रंगाचा प्रकाश गिळून दुसऱ्या रंगाचा देणारी पूड), दोन्ही मिळून पांढरं. म्हणजे जिथं 1924 चा वक्र लंगडा आहे नेमकी तिथंच आजच्या दिव्याची ताकद. सीआयईनं दुरुस्तीची दखल पुढे घेतली, पण लुमेन मोजायला अजून जुनीच रेघ चालते. झालं! आता तुम्ही रात्री नागपूरच्या वर्धा रोडवरून घरी येताना दिव्यांच्या खांबांकडे बघत याल, आणि मीटर एक म्हणतो, डोळा दुसरं म्हणतो, म्हणून जेवणाकडे लक्ष लागणार नाही. घरचे विचारतील, काय झालं? तुम्ही सांगाल, स्टॉकहोम. कोण ऐकून घेणार आहे?

याउलट, छापायचंच नाही असं ठरवलं तर माणूस केवढा मोठा होतो पाहा. 1924 ते 1927 या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड वाढवला की कामगारांचं काम वाढतं का, याची चाचणी झाली. त्या समितीवर मानद अध्यक्ष म्हणून खुद्द एडिसन, तेव्हा शाल-श्रीफळाची परंपरा तिकडेही होती असं धरून चाला. या प्रयोगाचा पूर्ण अहवाल कधी छापलाच गेला नाही. एक त्रोटक वृत्तांत आला आणि बाकी कागद गडप. मग गोष्टीला पाय फुटले. उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, चांदण्याइतका उरला तरी वाढलं, का तर आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय या आनंदात. आज धरमपेठेतल्या कुठल्याही एमबीएच्या पोराला विचारा, तो हॉथॉर्न इफेक्ट घडाघडा सांगेल.

आठ दशकांनी लेविट आणि लिस्ट नावाच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हरवलेले समजले जाणारे मूळ आकडे शोधून काढले आणि 2011 मध्ये त्यावर पेपर लिहिला. निघालं काय? दिव्यांतले बदल कारखाना बंद असताना, रविवारी केले जात. सोमवारी उत्पादन शनिवारपेक्षा जास्त भरे. दिवे बदलले काय, न बदलले काय, सोमवारी ते भरायचंच. गोष्टीत सांगतात तसा ठळक परिणाम आकड्यांत सापडला नाही. आता बघा, त्या काळी हे आकडे एखाद्या परिषदेच्या कंटाळवाण्या प्रोसिडिंग्जमध्ये तक्त्यासकट छापले गेले असते, तर कुणीतरी खवट इंजिनियर चर्चेत उभा राहून म्हणाला असता, ‘अहो, हे सोमवार आहेत सगळे.’ आणि व्यवस्थापनशास्त्राचं एक अख्खं प्रकरण जन्मालाच आलं नसतं. एवढं नुकसान करायची ताकद प्रोसिडिंग्जमध्ये असते. सांभाळून.

आपल्या नागपूरचंच घ्या. या गावात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रवाल्यांनी फॉस्फरवर कित्येक दशकं काम केलंय, हे बाहेरच्यांना जास्त ठाऊक आहे. आता हे फॉस्फर बनतं कसं? एक रीत अशी: धातूंचे नायट्रेट घ्यायचे, त्यात युरिया घालायचा (हो, शेतातला तोच), थोडं पाणी, आणि सगळं मफल भट्टीत साडेपाचशे अंशांच्या आसपास ठेवायचं. मिश्रण उकळतं, मग एकदम भसकन पेटतं आणि फेसासारखं फुगून वर येतं. थंड झाल्यावर बोटानं दाबलं की चुरा होतो. अतिनील दिव्याखाली धरलं की चमकतं. किंवा नाही चमकत. न चमकणारी खेप कुठे जाते? मासिकातल्या पेपरात तिला जागा नाही, तिथं पहिल्याच खेपेला सगळं उजळलेलं असतं. परिषदेच्या चार पानी पेपरात मात्र पूर्वी एखादा भाबडा विद्यार्थी लिहून जायचा की युरियाचं प्रमाण इतकं केलं तर पूड काळपट आली. दुसऱ्या गावातल्या पोराचे सहा महिने त्या एका वाक्यानं वाचायचे. असली वाक्यं तुमच्या पेपरात राहिली असतील तर कॅमेरा-रेडी कॉपी, म्हणजे छपाईची अंतिम प्रत, पाठवण्यापूर्वी काढून टाका. दुसऱ्याचे सहा महिने वाचवून तुमचं काय भलं होणार? त्याला करू द्या की, आपण नाही केलं?

आणि शेवटी रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय, तो तर टाळाच. एलईडी दिव्याचं कॅटलॉग म्हणतं पन्नास हजार तास. रात्रीचे बारा तास धरले तर अकरा वर्षांच्या वर. एलईडीची चाचणी करतात किमान सहा हजार तास, आणि पुढचं गणितानं ताणतात. पुरेसे नमुने तपासले असतील तर चाचणीच्या सहापट ताणायला नियमाची परवानगी आहे. ही चाचणी एलईडीची असते. त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरची नाही. ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्म्या आयुष्याचा होतो. आणि अख्ख्या दिव्याचा उजेड प्रयोगशाळेत मोजतात तो 25 अंश तापमानाला. मे महिन्यात नागपुरात 25 अंश कुठे असतात? परिषदेच्या हॉलमध्ये. बाहेर संध्याकाळी सातला दिवे लागतात तेव्हाही हवा चाळिशीच्या घरात असते आणि दिव्याचं कवच दिवसभराच्या उन्हानं भाजून निघालेलं असतं. वर धूळ. पहिला पाऊस पडला की काचेत पाखरं.

यावर कुणी ना कुणी तुम्हाला गाठणारच. विदर्भातल्या एखाद्या नगरपरिषदेचा ज्युनियर इंजिनियर फोन करतो, ‘सर, आपल्या इकडच्या गर्मीत हे ड्रायव्हर किती दिवस टिकतात, मोजून ठेवलं काय कोणी? टेंडरात लिहायचं होतं.’ घाबरू नका. त्याला सांगा, या विषयावर सखोल संशोधनाची गरज आहे. तो गप्प होत नाही, हा त्या मंडळींचा दोष. तो म्हणतो, ‘माझ्याकडे वही आहे सर.’ ती वही बघायला मात्र अजिबात मागू नका. त्यात खांबाचा क्रमांक, दिवा बसवल्याची तारीख, ड्रायव्हर बदलल्याची तारीख आणि बारीक अक्षरात शेरे असतात: पाणी शिरलं, पाखरं, वीज पडली, ड्रायव्हर फुगला, पुन्हा तोच खांब. लागोपाठच्या उन्हाळ्यांचे. असा तक्ता एकदा छापून आला तर कॅटलॉगातल्या पन्नास हजारांचं काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडेल, आणि प्रश्नांबद्दल मी सुरुवातीलाच सांगितलंय.

तेव्हा त्याला प्रेमानं समजवा. म्हणा, दादा, तुझ्या वहीत प्रस्तावना नाही, आधीच्या संशोधनाचा आढावा नाही, टेम्प्लेट दोन रकान्यांचं आहे आणि तुझी वही आडवी आहे. शिवाय तू ‘इंडस्ट्री डेलिगेट’मध्ये मोडतोस, तुझी फी आमच्यापेक्षा जास्त. एवढ्यावर तो ऐकला तर ठीक. नाही ऐकला आणि वही घेऊन खरंच आला, तर त्याचा पेपर जेवणाच्या आधीच्या सत्रात चुकूनही लावू नका. लोक प्रश्न विचारायला उभे राहतील, त्याला उत्तरंही येत असतील, आणि तिकडे सावजीचा रस्सा निवून जाईल.