हळद, कर्क्युमिन आणि एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखात मी कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रेणूच्या, गुणांवर शंका घेतली आणि निवडक, म्हणजे नेमकं एकच लक्ष्य गाठणाऱ्या, औषधांची बाजू घेतली. त्यावर, सांगलीचा असून हळदीच्या मुळावर उठलो, असं तुम्ही लिहिलंत. कर्क्युमिन शेकडो एन्झाइम (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) अडवतं असे शोधनिबंध आहेत, आणि निवडक औषधं इतकी चांगली तर रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक बाजारातून मागे का घेतलं, हेही विचारलंत.

माझे आजोबा हरिपूरच्या पेवांत हळद भरायचे. 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. हळदीशी माझं भांडण नाही. पण शेकडो एन्झाइम अडवणारा रेणू दिसला की आम्हा औषध-रसायनवाल्यांना आधी शंकाच येते.

निवडक म्हणजे काय, ते आधी बघू. कॉक्स-1 आणि कॉक्स-2 ही दोन एन्झाइम म्हणजे सख्खी भावंडं. प्रथिनाच्या साखळीत 523 व्या जागी पहिल्यात आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल, दुसऱ्यात व्हॅलिन. फरक जेमतेम एका कार्बनचा. तेवढ्यानं कॉक्स-2 च्या खोबणीत बाजूचा एक कोनाडा मोकळा होतो आणि सेलेकॉक्सिब या औषधाचा सल्फोनामाइड गट (रेणूचा एक भाग) नेमका तिथं जाऊन बसतो. कॉक्स-1 मध्ये तो कोनाडा अडलेला असतो. निवडक म्हणतात ते याला.

आता कर्क्युमिन. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, उन्हात घातला की उडतो, हे घरोघरी माहीत आहे. रेणूच तसा नाजूक. 37 अंशांवर, 7.4 पीएचच्या साध्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) अर्ध्या तासात तो बहुतेक मोडून जातो. मग एन्झाइम अडवलं कुणी, त्यानं की त्याच्या तुकड्यांनी? शिवाय तो स्वतः पिवळा आणि चमकणारा, आणि आमच्या कितीतरी चाचण्या प्रकाश मोजूनच निकाल देतात, म्हणजे त्याच्या रंगानंच निकाल फसू शकतो. त्याचे पुंजकेही होतात आणि समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात.

रोफेकॉक्सिबबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. मूळ लेखात ते यायला हवं होतं, आजच भर घालतो. कॉक्स-2 अडवलं की गुठळी रोखणारं प्रोस्टासायक्लिन घटतं. प्लेटलेटमधलं कॉक्स-1 मात्र गुठळी घडवणारं थ्रॉम्बॉक्सेन करतच राहतं. लोकांना हृदयविकाराचे झटके आले, 2004 साली औषध मागे घेतलं. रेणू नेमका बसला होता, पण तिथं बसण्याची किंमत वेळेत ओळखली गेली नाही. तरी एकच दार बंद केलं होतं म्हणून चूक कुठं झाली ते शोधता आलं. शंभर दारांना हात लावणाऱ्याचा गुण कुठून आला आणि अपाय कुठून, हे कसं सांगणार?

तुमच्याकडचे निबंध जरूर पाठवा. पाठवण्याआधी एवढं बघा: थोडं डिटर्जंट घालून चाचणी पुन्हा केली होती का? पुंजक्यांमुळे झालेला अडथळा त्यात बहुधा नाहीसा होतो.